‘प्रथेमागचं विज्ञान’ हा तक्ता यंदा भिंतीवर लावू नका

प्रति,
नागपूर शहर व जिल्ह्यातील शाळांचे मुख्याध्यापक आणि विज्ञान शिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

28 फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन जवळ आला की शाळांच्या व्हरांड्यात पुठ्ठे, फेव्हिकॉल आणि स्केचपेन दिसू लागतात. ज्वालामुखी, ठिबक सिंचन, पवनचक्की ही मंडळी ठरलेलीच. त्यांच्या रांगेत हल्ली एक तक्ता हमखास असतो: ‘आपल्या प्रथांमागचं विज्ञान’. डावीकडे प्रथा, उजवीकडे ‘शास्त्रीय कारण’. दाराला लिंबू-मिरची का, उत्तरेला डोकं का नाही, रात्री नखं का कापू नयेत, ग्रहणात का जेवू नये. प्रत्येकापुढे एक ओळ, तीही बहुतेक मोबाईलवरून उतरवलेली. पाहुणे कौतुक करतात, फोटो निघतात.

हा तक्ता अंधश्रद्धेपेक्षा जास्त नुकसान करतो, असं आमचं स्पष्ट मत आहे. आजी म्हणते, ‘असं करू नये, बस्स.’ ती समजूत सांगते आहे हे मुलाला कळतं. मोठं झाल्यावर ठेवायची की सोडायची हे ते ठरवू शकतं. तक्ता मात्र त्याच समजुतीला प्रयोगशाळेचा पांढरा कोट घालून आणतो. शिवाय ‘ही समजूत आली कुठून?’ हा मुळात फार छान प्रश्न आहे, आणि ओढूनताणून चंद्रबळ आणलेलं उत्तर तो तिथेच मारून टाकतं.

या तक्त्यांचा मेरुमणी म्हणजे लिंबू-मिरची. वस्तू सगळ्यांना ठाऊक आहे: काळा दोरा, एक लिंबू, सात हिरव्या मिरच्या, खाली कोळशाचा तुकडा नाहीतर बिब्बा. शनिवारी सकाळी बर्डीपासून इतवारीपर्यंत दुकानांच्या दारातलं जुनं उतरतं, नवं चढतं. तक्त्यावरचं कारण असं: ‘सुती दोरा लिंबातलं क जीवनसत्त्व आणि मिरचीतलं तिखट द्रव्य शोषून हळूहळू हवेत सोडतो, त्यामुळे जंतू आणि डास दूर राहतात.’ वाचायला झकास. पण क जीवनसत्त्व म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल, हा स्थायू पदार्थ आहे. तो पाण्यात विरघळतो, हवेने आणि उष्णतेने खराब होतो, पण हवेत उडत नाही. मिरचीतलं कॅप्सेसिनही साध्या तापमानाला जागचं हलत नाही. म्हणून तर टोपलीभर मिरच्यांशेजारी माणूस निवांत बसू शकतो आणि फोडणीत मिरची पडली की घरभर ठसका उठतो. लिंबाचा वास येतो तो सालीतल्या तेलाचा. ते तेल खरंच उडतं, पण तक्त्यात त्याचा उल्लेखच नसतो.

हे मुलांना सांगू नका, करायला लावा. एक छोटा चमचा कॉर्नफ्लॉवर 200 मिली पाण्यात उकळा, पूर्ण थंड होऊ द्या, मग त्यात जखमेला लावायचं पोव्हिडोन आयोडीन थेंबथेंब टाकत जा. गडद निळा रंग येईल. थोडं द्रावण परीक्षानळीत घेऊन त्यात लिंबाचा रस टाका, निळा रंग जातो. ही क जीवनसत्त्वाची शाळकरी ओळख. आता गाळणकागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या त्या द्रावणात बुडवून सारख्या आकाराच्या काचेच्या बरण्यांत झाकणाला टांगा. पहिली बरणी रिकामी. दुसरीत दोरा ओवलेलं लिंबू आणि मिरच्या. तिसरीत क जीवनसत्त्वाची गोळी पाण्यात विरघळवून वाटीत. चौथीत नुसती लिंबाची साल.

इथे गडबड दोन ठिकाणी होते. आयोडीन स्वतःच उडून जातं, त्यामुळे कुठलीही पट्टी काही तासांनी आपोआप फिकी पडते. रिकामी बरणी नसेल तर मुलं आनंदाने ‘सिद्ध झालं’ असं लिहून मोकळी होतात. दुसरं, सालीच्या तेलातले रेणू आयोडीनशी हळूहळू जोडले जातात, म्हणून लिंबाच्या बरणीतली पट्टी रिकामीपेक्षा लवकर फिकी झाली तर दचकू नका. चौथ्या बरणीकडे बघा. आणि खरा निकाल तिसरीत आहे: क जीवनसत्त्व हवेत उडत असतं तर तिथली पट्टी सगळ्यात आधी पांढरी व्हायला हवी. तिची तुलना रिकाम्या बरणीतल्या पट्टीशी करा. बरण्या उन्हात ठेवू नका आणि चारही एकाच टेबलावर ठेवा, नाहीतर फरक बरणीचा की खिडकीचा ते कळणार नाही.

दारावर प्रत्यक्षात काय होतं तेही मुलांना रोज बघू द्या. एप्रिलच्या कोरड्या हवेत लिंबू आठवड्याभरात तपकिरी, टणक होऊन खडखडायला लागतं. ऑगस्टमध्ये तेच लिंबू सुईच्या भोकापासून आधी पांढरं, मग हिरवट बुरसटतं, कारण सालीला झालेली जखम म्हणजे बुरशीला उघडं दार. भोवती चिलटं घोंघावतात. कीटक पळवणाऱ्या वस्तूला कीटक लागलेले दिसले की तक्त्यावरची ओळ पुसायला शिक्षक लागत नाही.

मग ही प्रथा आली कुठून? लोक स्वतः सांगतात ती गोष्ट अशी: लक्ष्मीची बहीण अलक्ष्मी, तिला आंबट-तिखट आवडतं, दारातच ते मिळालं की ती खाऊन परत जाते, घरात शिरत नाही. ही कथा आहे, विज्ञान नव्हे. पण प्रथा पाळणाऱ्यांच्या तोंडची आहे, म्हणून उगमाचा शोध तिच्यापासून सुरू करावा. क जीवनसत्त्व हा शब्दच विसाव्या शतकातला. पूर्वजांनी ते ओळखून दोऱ्यात ओवलं असं म्हणणं हा पूर्वजांचाही आदर नाही.

उत्तरेला डोकं करून झोपण्याचं प्रकरण असंच. तक्ता म्हणतो, पृथ्वीचं चुंबकत्व रक्तातलं लोह डोक्याकडे ओढतं. रक्तातलं लोह खिळ्यातल्या लोखंडासारखं नसतं. हिमोग्लोबिनमध्ये ते एकेक अणू करून बांधलेलं असतं, आणि ऑक्सिजन घेतलेलं रक्त चुंबकाकडे ओढलं तर जात नाहीच, अगदी किंचित दूरच ढकललं जातं. पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे टेस्लाच्या एक लाखांश भागाच्या चार-पाच पट. एमआरआयचं साधं यंत्र 1.5 टेस्लाचं, म्हणजे तीस हजार पटींहून जास्त. त्यात अर्धा तास पडून राहिलेल्या माणसाचं रक्त डोक्यात जमत नाही. उगम शोधायचा तर घरातली रीत बघा. प्रेत दक्षिणेकडे पाय करून ठेवतात, म्हणजे डोकं आपोआप उत्तरेला. ‘दक्षिणेला पाय करू नको’ आणि ‘उत्तरेला डोकं करू नको’ हे एकाच नियमाचे दोन उच्चार आहेत. मेलेल्यासारखं झोपू नये, एवढाच त्याचा अर्थ लागतो, आणि त्याला चुंबकाची गरज नाही.

पिंपळाबाबत तर गंमतच आहे. एक तक्ता म्हणतो, रात्री पिंपळाखाली झोपू नये, तो कार्बन डायऑक्साइड सोडतो. दुसरा म्हणतो, पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो म्हणून पूज्य. दोन्ही तक्ते एकाच भिंतीवर लागले तरी कुणाला खटकत नाही. प्रकाश नसताना ऑक्सिजन तयार करून बाहेर टाकण्याची सोय कुठल्याच झाडाकडे नाही. निवडुंगासारखी काही झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन ठेवतात, पण ऑक्सिजन दिवसाच सोडतात. आणि रात्री झाड जो कार्बन डायऑक्साइड सोडतं तो मोकळ्या हवेत लगेच विरतो. दारं-खिडक्या बंद करून एसीत दोघं झोपली तर तिथली हवा पिंपळाखालच्या हवेपेक्षा कितीतरी जड होते. पिंपळाखाली न झोपण्याला साप, विंचू, वाळकी फांदी, अंधार अशी कारणं असू शकतील. असू शकतील, एवढंच म्हणावं.

ग्रहणाचं थोडक्यात सांगतो, कारण इथे चुकीची किंमत माणूस मोजतो. ग्रहणात नवे किरण येत नाहीत. सूर्यग्रहणात आहे तोच प्रकाश कमी होतो, चंद्रग्रहणात चंद्र आपल्या पृथ्वीच्या सावलीतून जातो. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर, म्हणजे बारा तास आधी. एवढा वेळ गरोदर बाईला उपाशी, कधी पाण्यावाचूनही ठेवलं जातं. धोका असतो तो डोळ्यांना. प्रकाश कमी झाल्यामुळे बघवतं, आणि दृष्टिपटलाला वेदनेची जाणीव नसल्यामुळे भाजलेलं कळत नाही. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, दोन-तीन गॉगल एकावर एक, हे सगळं बाद. पुठ्ठ्याला 1 मिलिमीटरचं छिद्र पाडा आणि सूर्याची प्रतिमा कागदावर घ्या. छिद्रापासून कागदाच्या अंतराला 109 ने भागलं की प्रतिमेचा व्यास येतो: 1 मीटरवर साधारण 9 मिलिमीटर. कडुनिंबाच्या सावलीत हीच प्रतिमा जमिनीवर शेकड्यांनी सांडलेली दिसते. 2 ऑगस्ट 2027 चं सूर्यग्रहण भारतातून खंडग्रास आहे. पावसाळ्यातले ढग मध्ये आले नाहीत तर ते शाळेच्या मैदानावरून बघता येईल; तयारी आतापासून करावी.

आता ज्यांचं स्पष्टीकरण पटण्यासारखं वाटतं अशा समजुतींकडे येऊ. खरी कसोटी तिथेच लागते.

‘रात्री नखं कापू नयेत.’ दिव्याचा मिणमिणता उजेड, नेलकटर नाही, न्हाव्याची नराणी किंवा चाकू. बोट कापणार, तुकडा धान्यात जाणार. पटतं. जपानमध्येही रात्री नखं कापणं अशुभ मानतात, म्हणजे कंदिलाच्या काळात दोन्हीकडे एकच अडचण असावी, असं म्हणायचा मोह होतो. पण आपल्याकडे शनिवारीही नखं कापत नाहीत, आणि शनिवारी दुपारी ऊन लख्ख असतं. उजेडाचं कारण रात्रीला लागू पडतं, वाराला पडत नाही. एका समजुतीची दोन कलमं असतील आणि कारण एकालाच पुरत असेल, तर तक्त्यावर ‘शक्य’ लिहावं, ‘शास्त्रीय’ लिहू नये.

मांजर आडवं जाण्याचं लोकप्रिय कारण बैलगाडीचं आहे. रात्री मांजरवर्गातल्या जनावराचे डोळे चमकतात, बैल बुजतात, म्हणून गाडी थांबवायची. डोळे चमकतात हे खरं. दृष्टिपटलामागे प्रकाश परत फेकणारा थर असतो. पण तो थर बैलांच्या डोळ्यांतही असतो, आणि गाडीवान तर दोन चमकणाऱ्या जोड्यांच्या मागेच बसलेला असतो! शिवाय समजूत दिवसाढवळ्याही पाळली जाते. आणि ब्रिटनमध्ये काळं मांजर आडवं जाणं शुभ मानणारे पुष्कळ आहेत. ज्या स्पष्टीकरणाने शुभ आणि अशुभ दोन्ही सारखंच समजावता येतं, ते कशाचंच स्पष्टीकरण नसतं.

याची चाचणी आठवीचा वर्ग करू शकतो. वहीत चार घरं आखा: मांजर आडवं गेलं आणि काम बिघडलं, गेलं आणि काम झालं, गेलं नाही आणि बिघडलं, गेलं नाही आणि झालं. नियम दोन. आज कुठलं काम ‘झालं’ म्हणायचं ते घरातून निघण्यापूर्वी लिहायचं. आणि नोंद रोज करायची, काही घडलं नाही तरी. समजा 60 दिवसांत मांजर 10 दिवस आडवं गेलं आणि त्यातले 4 दिवस वाईट गेले. उरलेल्या 50 पैकी 20 वाईट गेले. दोन्हीकडे 40 टक्केच. आपल्याला मात्र ते 4 दिवस लक्षात राहतात, कारण त्यांना सांगण्याजोगी गोष्ट असते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडलेली सगळ्यांना आठवते. कावळा बसला आणि फांदी शाबूत राहिली, याची वही कुणी ठेवत नाही.

नागपूरच्या तक्त्यावर नागपूरचा उन्हाळा हवाच, आणि तो सहसा नसतो. ‘खिशात कांदा ठेव, लू लागणार नाही.’ कारण सांगतात, कांदा उष्णता शोषतो. हिशेब नववीच्या पुस्तकाइतका सोपा आहे. बसलेल्या माणसाच्या शरीरात सेकंदाला साधारण 100 जूल उष्णता तयार होते. 100 ग्रॅमचा कांदा 10 अंशांनी तापायला जेमतेम 4,000 जूल लागतात. म्हणजे 40 सेकंदांत कांद्याचं काम संपलं, आणि तेही तो सुरुवातीला थंड असेल तर. 45 अंशांच्या उन्हात तो शरीरापेक्षा थंड राहतच नाही. याउलट एक लिटर घाम अंगावर सुकला तर सुमारे 24 लाख जूल घेऊन जातो, म्हणजे साडेसहा तासांची कमाई. सुकला तर, नुसता टपकला तर नाही. कूलरचंही तत्त्व हेच, म्हणून मे महिन्यात गारेगार करणारा कूलर पहिला पाऊस पडला की नुसता दमटपणा फेकतो.

मग कांद्याची समजूत टिकली कशी? कांदा खिशात टाकणारा माणूस डोक्याला दुपट्टा बांधतो, पाणी पिऊन निघतो, बाराच्या आत परततो. श्रेय कांद्याला जातं. यात गमतीच्या पुढचं काही आहे, कारण उष्माघात झाल्यावर कांद्याचा रस तळपायाला चोळण्यात वेळ जातो. अंग तापलेलं आहे, माणूस बरळतो आहे, चालताना तोल जातो आहे, तर सावली, ओलं फडकं, जोराचा पंखा आणि ताबडतोब दवाखाना. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

याच उन्हाळ्यातली दुसरी समजूत वेगळ्या जातीची आहे. नवतपा: सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो तेव्हापासूनचे नऊ दिवस, 25 मेच्या आसपास. नागपूर 21.15 उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो तो 26 मेच्या सुमारास, आणि परतताना जुलैच्या मध्यानंतर. त्या दुपारी उभ्या खांबाची सावली क्षणभर नाहीशी होते. जुलैत ढग असतात, मे अखेरीस नसतात. म्हणजे नवतप्यात ऊन कडक, ही गोष्ट निरीक्षणातून आलेली आहे आणि खांब रोवून तपासता येते. पण इथेही लगेच ‘पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ म्हणून टाळी घेऊ नका. नक्षत्रांचं गणित ताऱ्यांवर चालतं आणि ऋतू सूर्याच्या उत्तर-दक्षिण सरकण्यावर. दोघांत दर 71-72 वर्षांनी एक दिवसाचा फरक पडतो. हजार वर्षांपूर्वी हाच नवतपा ऋतूच्या मानाने पंधरवडाभर आधी येत होता. नागपूरच्या डोक्यावरचा सूर्य आणि रोहिणी यांची आजची जुळणी हा योगायोग आहे. आणि ‘नवतपा तापला तर पाऊस चांगला’ हा तिसराच दावा झाला. त्यासाठी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडच्या तीसेक वर्षांच्या नोंदी घेऊन नऊ दिवसांचं सरासरी कमाल तापमान एका अक्षावर आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस दुसऱ्यावर मांडावा लागेल. असा एक आलेख शंभर तक्त्यांच्या तोडीचा.

दृष्ट काढण्याबद्दल एकच बाब, पण ती जवळून बघण्यासारखी. मीठ, मोहरी, पाच-सात सुक्या मिरच्या ओवाळून विस्तवावर टाकतात. ठसका आला नाही तर दृष्ट लागली होती; आला तर नव्हती. हा निकाल विस्तवावर ठरतो. मिरची भडकलेल्या जाळात पडली की तिखट द्रव्य जळून जातं, ठसका कमी. विझत्या निखाऱ्यावर ती नुसती धुमसते, तिखट धुरासोबत वर येतं आणि सगळ्यांच्या नाकातोंडातून पाणी. हवा धुराड्याकडे ओढली जात असेल तर पुन्हा ठसका नाही. प्रयोग करायचाच असेल तर मैदानात, वारा पाठीशी घेऊन, दोन शेगड्यांवर, शिक्षकांनीच करावा. वर्गात कदापि नाही. दमा असलेल्या एखाद्या मुलाला तो धूर भारी पडेल. बाळाला तीट लावायला मात्र कुणाचीच हरकत नसावी, फक्त डोळ्यांत सुरमा घालू नये. बाजारातल्या काही सुरम्यांत शिसं असतं.

समजुती का टिकतात, यावर वर्गात दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. 1948 साली मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी उपाशी कबुतरांना ठरावीक सेकंदांनी दाणे टाकले, कबुतर काहीही करो. आठपैकी सहा पक्षी काहीतरी ठरीव हालचाल करू लागले. एक गोल फिरायचं, एक मान झटकायचं. पुढे 1971 मध्ये इतरांनी हाच प्रयोग बारकाईने केला आणि त्या हालचालींपैकी बऱ्याच भुकेल्या पक्ष्याच्या नैसर्गिक सवयी निघाल्या. हा दुसरा भाग जरूर सांगा, तो सहसा गाळला जातो. दुसरी गोष्ट मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की यांची. पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रियांड बेटांवरचे कोळी खाडीत मासे धरताना मंत्रतंत्र करत नसत. खोल समुद्रात, जिथे जीव आणि पकड दोन्हींचा भरवसा नव्हता, तिथे करत. आपल्याकडे कोरडवाहू कपाशीचा शेतकरी, ट्रकचा ड्रायव्हर, निवडणुकीचा उमेदवार आणि दहावीचं पोर यांच्याकडेच शकुन-अपशकुन जास्त का, हे मुलांना मग वेगळं सांगावं लागत नाही.

उगमाचा शोध म्हणजे काय, हे शिकवायला शहरात मारबतीइतकं चांगलं उदाहरण नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, बडग्यांचेही पुतळे निघतात, ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ची आरोळी उठते. काळी 1881 पासून, पिवळी 1885 पासून, असं सांगतात. काळी मारबत म्हणजे इंग्रजांशी हातमिळवणी करणाऱ्या भोसले घराण्यातल्या बांकाबाईंचा निषेध, हीही कथा सांगितली जाते. आता मुलांना विचारा: नागपूरचं राज्य 1854 मध्ये खालसा झालं, मिरवणूक 1881 ची, मधल्या सत्तावीस वर्षांत लोक काय करत होते? ही कथा त्या काळी कुणी लिहून ठेवली होती का, की मागाहून जोडली गेली? जागनाथ बुधवारीतल्या जुन्या माणसांकडे जा, जुनी वर्तमानपत्रं चाळा. श्रावण-भाद्रपदात रोगराई वाढते हे धरून कुणी ‘आरोग्यशास्त्रीय कारण’ चिकटवायच्या आत हे काम व्हायला हवं.

एका समजुतीवर मात्र चर्चा ठेवू नका, थेट सूचना लावा: साप चावल्यावर मांत्रिक. मांत्रिकाकडे माणसं बरी होतात कारण चावणारे बहुतेक साप बिनविषारीच असतात, आणि विषारी साप चावला तरी काही वेळा विष सोडत नाही. त्या यशाच्या जोरावर तो मण्यार चावलेल्यालाही बसवून ठेवतो. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. काही तासांनी पापण्या जड होतात, पोट दुखतं, श्वास लागतो. मण्यारीसारखा दिसणारा बिनविषारी कवड्या आणि मण्यार यांतला फरक ओळखत बसू नये. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा, करकचून दोरी आवळू नये, चिरा देऊ नये, 108 ला फोन करावा.

महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात डिसेंबर 2013 मध्ये मंजूर झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे; शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड 5,000 ते 50,000 रुपये. दाराला लिंबू बांधणं, दृष्ट काढणं, नवस बोलणं हा गुन्हा नाही. हा फरक मुलांना नीट सांगा, नाहीतर ती घरी जाऊन आजीला पोलिसांची भीती घालतील. मुलाला घरच्यांशी भांडायला पाठवणं हे शाळेचं काम नव्हे. वही आणि पट्टी घेऊन बघायला पाठवावं.

आमची मागणी मोठी नाही. ‘शास्त्रीय कारण’ हा रकाना काढून त्या जागी चार रकाने करा: लोक काय म्हणतात, उगम म्हणून कोण काय सांगतं, ते खरं असेल तर आणखी काय दिसायला हवं, आणि आम्ही काय पाहिलं. चौथा रकाना रिकामा असेल तर ‘तपासलं नाही’ असं मोठ्या अक्षरात लिहायला लावा आणि त्यासाठी गुण कापू नका. परीक्षण करताना दहापैकी निदान चार गुण तुलनेच्या बरणीला, म्हणजे ‘हे केलं नसतं तर काय झालं असतं’ हे बघणाऱ्याला द्या. एका गटाला एकच समजूत द्या. दहा समजुतींचा तक्ता म्हणजे दहा ओळींची नक्कल. आणि विषय जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच वाटा, कारण मांजराच्या वहीला निदान दीड-दोन महिने लागतात. बुरशी बघायची असेल तर मात्र आधीच्या पावसाळ्यातच लिंबू टांगावं लागेल.

आपले,
शाळाशाळांतून विज्ञानाची प्रात्यक्षिकं करणारे काही नागपूरकर